डॉ. प्रफुल्लकुमार सेन : हृदयाला पाट काढू पाहणारा शल्यविशारद

चारोटी नाक्यावर घटकाभर उभे राहिले, की एखादी तरी रुग्णवाहिका भोंगा वाजवीत जाताना दिसते. जव्हारकडून डोंगर उतरून येणारा रस्ता, डहाणूच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग असे सारे येथे एकत्र येतात. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला हाच नाका माणसांनी फुलून जातो. एरवी मात्र येथून जाणाऱ्या रुग्णवाहिकेत कोण असेल, हा विचार मनाला चाटून गेल्याशिवाय राहत नाही. कधी अपघातातला जखमी असतो, कधी सर्पदंशाचा रोगी असतो, तर कधी छातीत कळ येऊन घामाने डबडबलेला एखाद्या घरचा कर्ता पुरुष असतो. मुंबई येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. त्या माणसाच्या हृदयाचा एक भाग रक्तावाचून तडफडत असतो, आणि प्रत्येक मिनिटागणिक त्यातील थोडा थोडा मरत असतो.

रक्तावाचून तडफडणाऱ्या शरीराच्या भागाला नव्या वाटेने रक्त कसे पोहोचवावे, या एका प्रश्नामागे ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली, त्या एका शल्यविशारदाची ही जीवनकथा आहे. ते जन्माने बंगाली. पण त्यांची कर्मभूमी मुंबई, आणि तीही परळसारख्या गिरणगावातील महापालिकेचे रुग्णालय. त्यांचे नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन. भारतातील पहिले हृदयरोपण करणारे म्हणून त्यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आढळते. परंतु त्या एका ओळीत त्यांचे खरे मोठेपण मावत नाही. शास्त्र हा आपल्या कला शाखेचा विषय नव्हे हे खरे. तरीही माणसाची जिद्द, त्याची चूक आणि त्या चुकीतून पुढच्या पिढीला सापडलेली वाट हा तर आपलाच विषय आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

परळची शाळा

सेन यांचा जन्म 1915 साली कलकत्त्यास झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आले आणि त्याच महाविद्यालयाशी जोडलेल्या केईएम रुग्णालयाचे होऊन राहिले. या संस्थेचा इतिहास ध्यानात घेतल्यावाचून सेन समजणार नाहीत. परकीय सत्तेच्या काळात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून वरच्या जागा बहुधा इंग्रज डॉक्टरांकडे असत. कितीही बुद्धिमान असला तरी हिंदी माणसाने दुय्यम जागेवरच थांबावे, असा शिरस्ता होता. सेठ गोरधनदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, की येथील अध्यापक हिंदीच असावेत. त्या अटीवर 1926 साली हे रुग्णालय उघडले. आपल्या माणसांना वाव मिळाला तर ती काय करू शकतात, हे सिद्ध करण्याची जबाबदारी या वास्तूवर पहिल्या दिवसापासून होती. सेन यांच्या कर्तृत्वामागे ही परंपरा उभी आहे.

परळच्या या रुग्णालयात येणारे रोगी कोण होते? गिरणीत पाळी करणारे कामगार, त्यांच्या बायका-मुली, कोकणातून आणि घाटावरून बोचकी बांधून आलेले शेतकरी, आणि आपल्या ठाणे जिल्ह्याच्या (आताच्या पालघरच्या) उत्तर टोकाकडून आगगाडीने गेलेले आदिवासी. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेलेला असे, आणि ऐन तारुण्यात हृदयाची झडप आकसून दम लागू लागे. पाश्चात्त्य देशांत ही दुखणी कमी होत चालली होती. आपल्याकडे मात्र वॉर्ड भरून वाहत होते. सेन यांनी पुढे अमेरिकेत जाऊन छातीच्या आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांचे ज्ञान मिळविले आणि ते घेऊन ते परळला परत आले. 1950 नंतरच्या दशकात आकसलेली झडप मोकळी करणे, महारोहिणीचा चिंचोळा भाग काढून टाकणे, फुगलेली महारोहिणी दुरुस्त करणे अशा शस्त्रक्रिया त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे सुरू केल्या. त्या काळी छाती उघडून हृदयाला हात लावणे ही गोष्टच लोकांना अशक्य कोटीतील वाटे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. सेन नुसती शस्त्रक्रिया करून थांबणारे नव्हते. प्रत्येक रोग्याच्या मागे एक प्रश्न असतो आणि तो प्रश्न प्रयोगशाळेत न्यावा लागतो, अशी त्यांची कामाची पद्धत होती. त्यांच्या विभागात शस्त्रक्रियागृहाइतकेच महत्त्व श्वानांवरील प्रयोगांना होते. त्यांच्याभोवती तरुणांचा एक संघ जमला. विकृतिशास्त्राचे डॉ. किणरे, शल्यविशारद डॉ. परुळकर आणि तेव्हा तरुण असलेले डॉ. तेहेमतन उदवाडिया ही त्यांतील काही नावे. उदवाडिया पुढे दुर्बिणीतून करावयाच्या शस्त्रक्रियांचे भारतातील आद्य प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आले.

1963 साली सेन, किणरे, परुळकर आदींनी एका विकाराचे सविस्तर वर्णन ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. या विकारात महारोहिणीचा मधला भाग आकसतो. मग मूत्रपिंडांना आणि पायांना रक्त पुरत नाही, वरच्या अंगात मात्र रक्तदाब भयंकर चढतो. रोगी बहुतेक तरुण, आणि त्यांत मुली पुष्कळ. रक्त शरीरात भरपूर आहे, पण नेमके जेथे हवे तेथे पोहोचत नाही, हे चित्र सेन यांनी अशा रोग्यांत वारंवार पाहिले होते.

भरल्या घरात उपाशी

आता हृदयाकडे वळू. आपल्या हृदयाचा डावा खालचा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, सतत ताज्या रक्ताने भरलेला असतो. मिनिटाला पाच-एक लिटर रक्त तो शरीरात ढकलतो. परंतु गंमत अशी, की या कप्प्याची जाड भिंत आतल्या रक्तातून स्वतःसाठी जवळजवळ काहीच घेऊ शकत नाही. तिला रक्त मिळते ते बाहेरून, हृदयाच्या पृष्ठभागावरून फिरणाऱ्या दोन बारीक परिहृद् धमन्यांतून. या धमन्यांत मेदाचे थर साचून वाट बुजली, की आतला कप्पा रक्ताने तुडुंब असूनही भिंत रक्तावाचून मरते. भरल्या घरात उपाशी राहणे ते हेच.

आपल्या भागातील वाचकाला हे समजावयास दूर जावे लागत नाही. सूर्या नदीवर धामणीचे धरण झाले, कालवे निघाले. पण कालवा शेताच्या कडेने गेला म्हणून भात भिजत नाही. कालव्यातून चारी निघावी लागते, चारीतून वाफ्यात पाणी यावे लागते. चारीच नसेल तर भरल्या कालव्याच्या काठची जमीनही भेगाळलेली राहते. शरीरातील मोठ्या धमन्या म्हणजे कालवे, आणि केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या म्हणजे वाफ्यात उतरणाऱ्या चाऱ्या. पेशीला प्राणवायू मिळतो तो अखेर या चाऱ्यांतून.

1965 पूर्वी या दुखण्यावर काय उपाय होता? आज सर्रास होणारी बायपास शस्त्रक्रिया तेव्हा रुळलेली नव्हती. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे फावालोरो यांनी पायातील नीला वापरून तिची पद्धत बसविली ती 1967 साली. फुग्याने धमनी रुंद करण्याचा उपाय ग्रुंटझिग यांनी 1977 साली माणसावर केला. त्याआधीच्या शल्यविशारदांनी नाना युक्त्या लढविल्या होत्या. बेक यांनी 1935 साली छातीचा स्नायू हृदयाला शिवला. त्यातून नव्या रक्तवाहिन्या हृदयात शिरतील अशी आशा होती. कॅनडातील व्हाइनबर्ग यांनी 1946 पासून छातीतील एक धमनी सोडवून ती हृदयाच्या स्नायूत बोगदा करून पुरली. कोणाला थोडे यश आले, कोणाला नाही. प्रश्न मात्र तसाच उभा होता.

सापाच्या हृदयाचा धडा

सेन यांचे वेगळेपण असे, की त्यांनी हृदयाच्या बाहेरून रक्त आणण्याऐवजी आतल्या रक्ताकडे पाहिले. आणि त्यासाठी ते वळले सापाकडे.

पावसाळ्यात आपल्या शेताच्या बांधावर धामण, घोणस, मण्यार दिसली की आपण काठी शोधतो. या सरपटणाऱ्या प्राण्याच्या छातीत मात्र निसर्गाने एक निराळी व्यवस्था केलेली आहे. सापाच्या जवनिकेची भिंत आपल्यासारखी घट्ट विणीची नसते. तिचा आतला बराचसा भाग स्पंजासारखा सच्छिद्र असतो. कप्प्यातील रक्त त्या पोकळ्यांतून थेट स्नायूत झिरपते आणि त्याला पोसते. माणसाचे हृदयही गर्भावस्थेच्या आरंभी असेच सच्छिद्र असते. पुढे ते दाट होत जाते आणि बाहेरच्या धमन्यांवर अवलंबून राहू लागते. 1933 साली वेर्न आदी अमेरिकन संशोधकांनी दाखविले होते, की मोठ्या माणसाच्या हृदयातही कप्प्याशी थेट जोडलेल्या काही सूक्ष्म वाटा शिल्लक असतात.

सेन यांनी विचार केला, की माणसाच्या हृदयाला सापाच्या हृदयासारखे करता येईल काय? जवनिकेच्या भिंतीत बारीक सुईने आरपार अनेक छिद्रे पाडली, तर आतले रक्त त्या छिद्रांतून स्नायूच्या जुन्या पोकळ्यांत शिरेल काय? बाहेरचा कालवा बुजला असेल, तर आतल्या तळ्यालाच पाट काढावा, असा हा सरळ साधा विचार होता. यासाठी महागडे यंत्र नको, कृत्रिम नळी नको. एक सुई पुरे. गरीब देशाच्या महापालिका रुग्णालयात बसलेल्या माणसाला ही कल्पना सुचावी, हे मला अर्थपूर्ण वाटते.

श्वानांवर प्रयोग झाले. हृदयाची पुढची मुख्य धमनी बांधून टाकली, तर पुष्कळसे प्राणी दगावत. ज्यांच्या हृदयात आधी सुईने छिद्रे पाडली होती, त्यांतील अधिक प्राणी जगले आणि त्यांच्या स्नायूची हानी कमी दिसली. सेन, उदवाडिया, किणरे आणि परुळकर यांचा हा निबंध 1965 साली अमेरिकेतील छाती व हृदय शस्त्रक्रियेच्या प्रमुख नियतकालिकात छापून आला. चिनी सुईचिकित्सेशी याचा संबंध नसला, तरी नाव मात्र त्यांनी तेच दिले : हृदयभित्तीचे सूचीवेधन. 1968 साली पुढील प्रयोगांचा दुसरा निबंधही निघाला.

बुजलेली छिद्रे

येथून पुढची कथा गौरवग्रंथांत सहसा येत नाही, आणि म्हणूनच ती सांगितली पाहिजे.

सुईने पाडलेली छिद्रे टिकत नाहीत, असे दिसून आले. रक्त साकळे, छिद्रात तंतूंचे जाळे धरे, आणि काही काळातच तेथे एक बारीकसा व्रण तेवढा उरे. जखम भरून काढणे हा शरीराचा धर्मच आहे. शल्यविशारदासाठी ते आपला धर्म सोडीत नाही. 1969 साली अमेरिकेतून पिफारे यांनी त्याहून मूलगामी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की हृदय आकुंचन पावते तेव्हा भिंतीतील दाब आतल्या कप्प्यातील दाबाहून कमी नसतो, आणि ते सैल होते तेव्हा कप्प्यातलाच दाब उतरतो. मग रक्त कप्प्यातून भिंतीत शिरणार तरी कसे? शरीरक्रियेच्या दृष्टीने ही गोष्ट अशक्य आहे, असा निकाल त्यांनी दिला. त्याच सुमारास बायपास शस्त्रक्रियेचा जगभर प्रसार झाला. सूचीवेधनाची कल्पना अडगळीत पडली.

ते दोन दिवस

या वादाआधीच सेन यांचे नाव घरोघरी पोहोचले होते, ते एका वेगळ्याच कारणाने. 1967 च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे बर्नार्ड यांनी जगातले पहिले मानवी हृदयरोपण केले. पुढच्या अडीच महिन्यांतच, 1968 च्या फेब्रुवारीत, सेन यांनी केईएममध्ये हृदयरोपण केले. जगातील पहिल्या अर्धा डझन हृदयरोपणांत ते मोडते. भारतातील आणि आशियातीलही ते पहिलेच. लोकांना वाटले, की हे बर्नार्ड यांचे अनुकरण. वस्तुतः परळच्या प्रयोगशाळेत श्वानांच्या हृदयांचे रोपण बराच काळ चालले होते, आणि सोव्हिएत रशियातील देमिखोव्ह यांच्या प्रयोगांचा सेन यांच्यावर मोठा प्रभाव होता.

ते रोपण काही तासांचेच ठरले. रोगी दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी दुसरे रोपण केले. तो रोगीही पुरा एक दिवस जगला नाही. नवे हृदय चालू झाले होते. परंतु जुनाट आजाराने कडक झालेल्या फुप्फुसांच्या वाहिन्यांत रक्त ढकलण्याचे बळ त्याला पुरले नाही. शिवाय परक्या अवयवाला शरीराने नाकारू नये यासाठी लागणारी परिणामकारक औषधे त्या काळी हाती नव्हती. मेंदूच्या मृत्यूला मृत्यू मानणारा कायदाही नव्हता. तो आपल्या देशात आला 1994 साली, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले. सेन यांच्या प्रयत्नानंतर मध्ये सव्वीस वर्षे गेली.

सेन यांनी ती घाई केली काय, हा प्रश्न विचारणे गैर नाही. ज्या दोन घरांतील माणसे गेली, त्यांच्या दृष्टीने हा शास्त्राचा इतिहास नव्हता. परंतु हेही खरे, की त्या दोघांना वाचविण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्या काळच्या वैद्यकाजवळ नव्हता. दुसऱ्या अपयशानंतर सेन यांनी तिसऱ्या यशाचा हट्ट धरला नाही. जगातील बहुतेक केंद्रांनीही त्यानंतर थोड्याच वर्षांत हृदयरोपण थांबविले. केव्हा पुढे जावे हे ज्याला कळते, त्यालाच केव्हा थांबावे हेही कळावे लागते. 1969 साली भारत सरकारने सेन यांना पद्मभूषण देऊन गौरविले. 1982 साली त्यांचे निधन झाले.

प्रथिनांचे युग

माणूस गेला, पण त्याने विचारलेला प्रश्न गेला नाही. 1980 नंतर अमेरिकेत मिरहोसैनी यांनी सेन यांचीच कल्पना पुन्हा उचलली. सुईऐवजी त्यांनी लेसर किरण वापरले. किरणांनी पाडलेली छिद्रे तरी उघडी राहतील, अशी अपेक्षा होती. ज्यांच्या धमन्या बायपास करण्यापलीकडे गेल्या होत्या, अशा रोग्यांच्या छातीतील कळा या उपायाने कमी झाल्याचे दिसले, आणि 1998 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मात्र तपासात आढळले, की ही छिद्रेही बुजतातच! मग कळा कमी झाल्या कशाने?

काही संशोधक म्हणाले, किरणांनी वेदना वाहणारे मज्जातंतू जळाले. काही म्हणाले, हा नुसता विश्वासाचा परिणाम. आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जेथे काही रोग्यांवर लेसरचा केवळ देखावा केला होता, दोन्ही गटांना सारखाच आराम पडल्याचे दिसले. तिसरे एक उत्तर होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे : छिद्र बुजताना जी जखम भरते, त्या जखमेभोवती शरीर स्वतःच नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते. म्हणजे पाट सुईने काढावयाचा नसून, सुईच्या निमित्ताने शरीरालाच पाट काढावयास लावावयाचे!

ही किमया करणारी द्रव्ये म्हणजे काही विशिष्ट प्रथिने. प्रथिने म्हटले की आपल्याला डाळ, मासळी, अंडी आठवतात. पण शरीर स्वतः हजारो प्रकारची प्रथिने घडविते आणि त्यांतील काही केवळ निरोप पोहोचविण्याचे काम करतात. एखाद्या पेशीला प्राणवायू कमी पडू लागला, की तिच्यातील एक प्रथिन, जे एरवी तयार होताच नष्ट केले जाते, ते साठू लागते. त्याच्या हुकमाने पेशी दुसरे एक प्रथिन बाहेर सोडते. त्याला शास्त्रज्ञ व्हीईजीएफ म्हणतात. हे प्रथिन जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरापर्यंत पोहोचते. अस्तरातील एखादी पेशी तो निरोप ओळखते आणि उपाशी भागाच्या दिशेने पुढे सरकू लागते. तिच्यामागे इतर पेशी रांग धरतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर तोडलेल्या खोडाला धुमारे फुटावेत, तद्वत जुन्या रक्तवाहिनीला नवे धुमारे फुटतात. ते पोकळ होतात, एकमेकांस मिळतात, आणि त्यांतून रक्त वाहू लागते. पेशीला प्राणवायूची उणीव कशी कळते याचा उलगडा करणाऱ्या सेमेन्झा, केलिन आणि रॅटक्लिफ या तिघांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रथिनांचा शोध लागला तो कर्करोगाच्या अभ्यासातून. 1971 साली बोस्टनचे शल्यविशारद फोकमन यांनी मांडले, की गाठ वाढते ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते म्हणून. गाठीतून कोणते द्रव्य पाझरते याचा शोध सुरू झाला. 1980 नंतरच्या दशकात प्रथम एफजीएफ नावाच्या गटातील प्रथिने आणि 1989 साली व्हीईजीएफ हाती आले. जे द्रव्य कर्करोगाला पोसते, तेच उपाशी हृदयाला का देऊ नये, हा विचार मग साहजिकच पुढे आला.

1998 साली जर्मनीतील शल्यविशारदांनी वीस रोग्यांच्या हृदयात बायपास करतानाच एफजीएफ-1 हे प्रथिन टोचले. बारा आठवड्यांनी काढलेल्या चित्रांत टोचलेल्या जागेभोवती केशवाहिन्यांचे नवे जाळे दिसले. जगभर मोठी आशा निर्माण झाली. परंतु मोठ्या चाचण्यांनी ती आशा बरीच खाली आणली. एफजीएफ-2 ची चाचणी 337 रोग्यांवर झाली व तिचा निष्कर्ष 2002 साली आला. व्हीईजीएफची 178 रोग्यांवर झाली व तिचा 2003 साली. प्रथिन मिळालेले आणि खोटे औषध मिळालेले रोगी यांच्या चालण्याच्या शक्तीत ठरविलेल्या मुदतीअखेर म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

असे का व्हावे? रक्तात सोडलेले प्रथिन काही मिनिटांतच निम्मे नाहीसे होते. धुमारा धरण्यास मात्र दिवस आणि आठवडे लागतात. मात्रा वाढवावी तर रक्तदाब घसरतो. एकट्या व्हीईजीएफने झालेल्या वाहिन्या कच्च्या आणि गळक्या असतात; त्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी यावयास आणखी प्रथिने योग्य क्रमाने लागतात. नुसती चारी खणून भागत नाही, तिला बांधही घालावा लागतो. शिवाय हेच प्रथिन नको तेथे पोहोचले तर सुप्त गाठीला बळ देईल, मधुमेही माणसाच्या डोळ्यात नव्या वाहिन्या फुटून दृष्टी जाईल, अशी धास्ती असतेच. म्हणून हृदयासाठी हा उपाय आजही नित्याचा झालेला नाही. मधुमेहाने पायाला झालेल्या जखमांवर लावण्यासाठी मात्र रक्तकणिकांतील एका वाढकारक प्रथिनाचे मलम 1997 साली अमेरिकेत मान्य झाले. रक्त न पोहोचल्याने सडू लागलेल्या पायांसाठी प्रथिनाऐवजी त्याचे जनुक किंवा मूळपेशी टोचण्याचे प्रयत्नही निरनिराळ्या देशांत झाले आहेत आणि आपल्या देशातही होत आहेत.

हा शेवटचा मुद्दा आपल्या पाड्यांना अगदी जवळचा आहे. बिडी ओढणाऱ्या, पन्नाशीही न गाठलेल्या पुरुषाच्या पायाचे बोट काळे पडते, चालताना पोटरीत गोळे येतात, आणि अखेर पाय कापावा लागतो. तंबाखूने हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पाडणारा हा विकार आपल्या देशातील गरीब, कष्टकरी माणसांत विशेष आढळतो. उद्याचे प्रथिन जे करील ते करो. आज बिडी सोडल्यावाचून कोणताही उपाय त्या पायाला वाचवू शकत नाही.

सेन यांचे ऋण

मग सेन यांच्या पदरात काय पडले? सूचीवेधनाची छिद्रे बुजली. दोन्ही हृदयरोपणे फसली. हिशेबाच्या वहीत पाहिले तर जमेच्या बाजूला फारसे दिसत नाही. परंतु शास्त्राची वही अशी वर्षाअखेर बंद करता येत नाही. लेसरच्या उपायाविषयी आणि हृदयात नवी रक्तवाहिनी फुटावी यासाठी चाललेल्या धडपडीविषयी जगात जे निबंध लिहिले गेले, त्यांत परळच्या 1965 च्या निबंधाचा निर्देश वारंवार येतो. सेन यांचे उत्तर चुकले होते. प्रश्न बरोबर होता. भिंतीला रक्त बाहेरच्याच वाटेने मिळावे असे नाही, तिच्या आतही नवी वाट होऊ शकते, हे त्यांनी धीटपणे मांडले. ती वाट सुईच्या छिद्रातून न निघता जखमेच्या भरण्यातून निघेल, हे त्यांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. ती प्रथिने तेव्हा कोणाच्याच हाती आलेली नव्हती.

त्याहून मोठे ऋण म्हणजे त्यांनी तयार केलेली माणसे आणि घालून दिलेली रीत. आपल्या रुग्णालयातही जगाला नवा असा विचार करता येतो, तो प्रयोगाला लावता येतो, छापून जगापुढे ठेवता येतो आणि जगाने खोडून काढला तर तेही सोसता येते, हा धडा परळच्या त्या विभागाने दिला. विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत चुकलेल्या उत्तराला गुण नसतात. पण परीक्षेच्या बाहेरच्या जगात नीट विचारलेल्या प्रश्नाचे मोल असते, आणि ते कधी कधी विचारणाऱ्याच्या मागे चार दशकांनी कळते.

चारोटी नाक्यावरून पुढच्या वेळी रुग्णवाहिका जाताना दिसेल, तेव्हा तिला वाट करून द्यावी. आतल्या माणसाला मुंबईत पोहोचल्यावर जो उपाय मिळेल, त्यामागे पुष्कळांची मेहनत आहे, आणि ज्यांचे प्रयत्न फसले अशांचीही आहे. डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे त्यांतील एक. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.